निवेदनांचा तास

त्या वर्षी आमच्या खालच्या रानात बटाटा लिंबाएवढा निघाला. कुदळीने वरंबा फोडायचा, ढेकूळ हाताने चुरायचं आणि बोटांना लागायचं काय, तर पोरांच्या खेळातली गोटी. माती अशी झाली होती की पाणी दिलं तर वरून वाहून जायचं आणि नाही दिलं तर विटेसारखी वाजायची. माझे सासरे दा चुवांग बांधावर बसून बटाटे निवडायचे. बियाण्याचे वेगळे, विकायचे वेगळे, आणि घरात खायला ते, जे बाजारात कोणी हातात धरणार नाही.

"माती उपाशी हाय," ते म्हणायचे.

"दोन पोती खत घातलंय की, दा."

"त्ये मीठ हाय. मिठानं कुनाचं पोट भरतं व्हय?"

पुढचं वाक्य मला माहीत होतं. हमाद्दू गेल्यापासून ह्या रानाला शेण ठाऊक नाही, हे ते वाक्य. दा ते बोलायचे नाहीत. नुसते पलीकडच्या निवडुंगाच्या कुंपणाकडे बघायचे, आणि ते बोलण्यापेक्षा वाईट.

आमच्या पठारावर कुंपण निवडुंगाचंच. पुरुषभर उंच, फांदी मोडली की पांढरं दूध गळतं आणि ते डोळ्यात गेलं तर माणूस दोन दिवस भिंत धरून चालतो. खालच्या रानाच्या कुंपणात पूर्वी एक फट होती, दोन गाई शेजारी शेजारी आत येतील एवढी. सुगी झाली, आचा, म्हणजे आमचं बारीक धान्य, कापून झाला, मक्याची नुसती ताटं उरली की फुलानी गुराखी हमाद्दू कोरलेल्या भोपळ्यातून दूध घेऊन यायचा. अंगणात बसायचा, दांच्या गुडघ्यांची चौकशी करायचा, माझ्या स्वयंपाकाची टिंगल करायचा आणि उठताना विचारायचा, "खालचं रान औंदा कुनाला दिलं का?" दा म्हणायचे, "मोकळंच हाय." दरसाल हाच प्रश्न आणि हेच उत्तर. मग त्याची साठ गुरं महिनाभर रानात बसायची. ताटं खायची, घोट्याएवढं शेण टाकायची आणि डोंगराकडे निघून जायची. आम्ही बेरोम माणसं मातीत हात घालणारी, ते गुरांमागे चालणारे. तीस वर्षं दोघांचं ह्या एका फटीतून चाललं होतं.

दोन वर्षांपूर्वी त्या फटीत निवडुंग लावला गेला. लावला मीच.

माझा नवरा ग्यांग शहरातल्या रेडिओवर बातमीदार. गावात ह्याला काम म्हणत नाहीत. "ग्यांग काय करतो?" "बोलतो." असं सांगतात आणि हसतात. सकाळी मोटरसायकल घेऊन जायचा, कुठे विहीर आटली, कुठे पूल पडला ते विचारून यायचा आणि दुपारी दोनला बातम्या वाचायचा. त्यानंतर निवेदनांचा तास, तोही त्याच्याकडेच. रेडिओच्या खिडकीवर पैसे भरून कोणीही निवेदन द्यावं. कोणाची म्हातारी वारली, कोणाची शेळी चुकली, कोणाचा शाळेचा दाखला बसमध्ये राहिला. बातम्यांना लोक जेवतात, निवेदनांना घास हातात धरून ऐकतात. आणि रेडिओवर आलेली गोष्ट खोटी असते असं आमच्याकडे कोणाला वाटत नाही. दांनासुद्धा नाही, आणि ग्यांग त्यांनी हाताने वाढवलेला.

दोन वर्षांपूर्वी उत्तरेचा धुरळ्याचा वारा नुकताच सुरू झाला होता आणि गावाच्या बटाट्याच्या कोठाराला आग लागली. सगळ्यांचं बियाणं त्यात. मी आचा धूत बसले होते. खसखशीएवढा दाणा, त्यातली वाळू काढायची म्हणजे भोपळ्यात पाणी घालून तास तासभर फिरवत बसायचं. तसाच भोपळा टाकून पळाले. कोठारापुढे सगळा गाव जमलेला. एक जण म्हणाला, हमाद्दूची पोरं काल इकडून गेली. दुसरा म्हणाला, सकाळी गेली. माझ्यापर्यंत आलं तेव्हा ती पोरं कोठारामागे काडी ओढताना दिसली होती. मी ग्यांगला फोन लावला. तो बातम्यांना बसायच्या घाईत होता.

"कुनी लावली?"

"हमाद्दूच्या पोरांनी."

"नक्की?"

"नक्की."

दहा मिनिटांनी ग्यांगचा चुलत भाऊ बोट, त्याच्या खिशातल्या रेडिओतून माझंच वाक्य माझ्या नवऱ्याच्या गोड आवाजात बाहेर आलं. हमाद्दूचं नाव, त्याच्या वस्तीचं नाव, सगळं. आधी नुसते ओरडणारे लोक ते ऐकून शांत झाले आणि कोयते आणायला घरी गेले.

अकरा गाई तोडल्या. झोपड्या जाळल्या. बोटच्या उजव्या हाताला कोपराखाली वार बसला आणि त्या हाताची बोटं अजून पुरती मिटत नाहीत. हमाद्दू त्याच दिवशी माणसं आणि उरलेली गुरं घेऊन डोंगरापलीकडे गेला. त्याची म्हातारी आई वाटेतच थंडीने गेली. मला ती कानेंग म्हणायची नाही, पोरी म्हणायची.

दुसऱ्या दिवशी राख उकरली तर कोपऱ्यात बोटचा पाण्याचा पंप, शेजारी पेट्रोलचा वितळलेला डबा. पंप रानातून आणून तसाच गरम ठेवलेला. सगळ्यांनी बघितलं, कोणी बोललं नाही. आठवड्याने कळलं की हमाद्दूची पोरं त्या दिवशी वीस मैलांवर गुरांच्या बाजारात होती, शंभर माणसांनी त्यांना पाहिलं होतं. त्यावरही कोणी बोललं नाही. आणि ती बातमी कोणी दिली हे ग्यांगने कोणाला सांगितलं नाही. मलासुद्धा कधी म्हणाला नाही, की तू सांगितलंस. दोन वर्षं एका ताटात जेवलो आणि एकदाही नाही. एकदा भांडला असता तर मला बरं वाटलं असतं.

तर त्या वर्षी, बटाटा लिंबाएवढा निघाल्यावर, आचा कापून झाला आणि एका गुरुवारी सकाळी मी मक्याची ताटं तोडायला खाली गेले. रानात गाय उभी होती.

तांबडी, डावं शिंग टोकाला वाकलेलं. मी लांबूनच ओळखली. तीन वर्षांपूर्वी ती ह्याच रानात व्याली होती आणि वार पडेना म्हणून मी आणि हमाद्दूची बायको इन्ना अर्धा दिवस तिच्यापाशी बसलो होतो. आता ती बरोबर त्याच जागी उभी होती, कडेच्या शेवग्याखाली. फट बंद होती म्हणून निवडुंग रेटून आत आली होती. मान सोलवटून निघालेली, छातीवर रक्त वाळलेलं, आणि एक डोळा सुजून बंद. त्यातून पाणी गळत होतं.

मी कोयता खाली ठेवला. घागरभर पाणी आणलं, कमरेला गुंडाळलेल्या कापडाचं टोक भिजवलं आणि डोळा धुवायला लागले. पहिल्यांदा तिने मान झटकली आणि मला बाजूला फेकलं. दुसऱ्यांदा उभी राहिली. पोटाला हात लावला तर गाभण होती. मी लावलेल्या निवडुंगाचं दूध मी तिच्या डोळ्यातून काढत होते आणि मला रडू येत होतं. ते गाईसाठी होतं की कशासाठी, ते मी त्या दिवशी स्वतःला विचारलं नाही.

दांना सांगितलं. ते काठी टेकत खाली आले, तिच्याभोवती एक फेरी मारली आणि म्हणाले, "वाट इसरली न्हाई बघ."

अंगणात बांधेपर्यंत बोट आलाच. गावात काही लपत नाही, आणि गाय तर नाहीच नाही.

"हमाद्दूची हाय ना?" त्याने विचारलं.

"व्हय."

"बेस झालं. रविवारी देवळात सुगीच्या आभाराचा सन हाय. औंदा देवळाला बोकड घ्यायचा तर कुनाकडं पैसा न्हाई. देवानंच धाडली म्हनायची."

"बोट, गाभन हाय ती."

"माझं बियानं पन गाभनच व्हतं, वहिनी." तो हसला, पण डोळे हसले नाहीत. आपला अर्धवट मिटणारा हात त्याने गाईच्या पाठीवर ठेवला. "तीन दिस सांभाळा. रविवारी सकाळी दोर घेऊन येतो."

दा म्हणाले, "माझ्या अंगनातली गाय कापायची तर मला इचारशील का न्हाई?"

"तुमाला इचारायचं तर पोरगा रेडिओवर हाय तुमचा. त्यालाच इचारतो, हमाद्दूनं काय केलं त्ये. त्यानंच सांगितलं गावाला."

ते बोलून तो गेला. दा खाली बसले आणि बराच वेळ काठीने जमिनीवर रेघा ओढत राहिले.

ग्यांग दिवस मावळायच्या आत आला. मोटरसायकलवरून उतरायच्या आधीच त्याने गाय बघितली. मी सगळं सांगितलं. ही गाय रविवारी कापली गेली तर काय होईल ते सांगायची गरज नव्हती. डोंगरापलीकडे हमाद्दूची तरणी पोरं होती, आणि अकरा गाई ती विसरली नव्हती. बारावी कापली की ह्या वेळी आग खरोखर लागली असती.

"निवेदन द्यावं लागेल," तो म्हणाला. "गाय सापडली, मालकानं न्यावी."

"मग दे की. रोज शेळ्यांची देतोस."

"नुसतं गाईचं देऊन भागत न्हाई, कानेंग. हमाद्दूची गाय म्हनलं की ऐकनारा म्हनेल, कोन हमाद्दू? आग लावली तोच ना? मंग तो तरी कुठल्या तोंडानं न्यायला येईल?"

मी चुलीत लाकूड सारलं. दोन वर्षांत हा विषय पहिल्यांदा आमच्या घरात उघडा पडला होता.

"माझं नाव घेशील?" मी विचारलं.

"कशाला?"

"फोन मी केला व्हता."

"तू सांगितलंस. सांगनारा सांगतोच. तू सवता बघितलंस का, येवढं इचारायचं माझं काम. त्ये मी केलं न्हाई." मग जरा थांबून म्हणाला, "मी 'नक्की?' म्हनलो. त्याला इचारनं म्हनत न्हाईत."



शुक्रवारी तो मॅनेजरकडे गेला. मॅनेजर म्हणाला, दोन वर्षांपूर्वीची बातमी कोणाला आठवते, आणि ज्यांना आठवते त्यांना कशाला डिवचायचं. आपण जखमेची खपली काढायची नाही, आपण शांततेच्या बाजूने आहोत. ग्यांग म्हणाला, बातमी आपली होती, चुकीची होती, दुरुस्त करू. मॅनेजर म्हणाला, बातम्यांत एक शब्द जायचा नाही.

शनिवारी सकाळी ग्यांग रेडिओच्या खिडकीवर रांगेत उभा राहिला. त्याच्या पुढे शेळीवाला, मागे दाखलेवाली. खिडकीतल्या बाईने विचारलं, तुम्ही इकडे कसे? तो म्हणाला, निवेदन द्यायचंय. तिला वाटलं, दा गेले. गाईचं आहे म्हटल्यावर तिने पुढचं न वाचता शिक्का मारला. त्याने पैसे भरून पावती घेतली आणि तो दोनच्या बातम्यांनंतर आपला कागद आपणच वाचायला बसला. हे सगळं मला त्याने नंतर सांगितलं. दुपारी मी अंगणात आचा धूत होते, दा शेजारी, तांबडी पुढ्यातल्या ताटांना तोंड लावून. धूळ इतकी की सूर्य उकडलेल्या अंड्यातल्या बलकासारखा दिसत होता.

आधी एक मयत झाली. मग दोन शेळ्या, एक काळी, एक कानफाटी. मग ग्यांगचा आवाज जरा खाली आला.

"निवेदन देणार ग्यांग चुवांग. एक तांबडी गाय, डावं शिंग वाकलेलं, गाभण, गुरुवारी आमच्या खालच्या रानात आली आहे. ती हमाद्दूची आहे. तिला चारा-पाणी दिलं आहे. मालकाने येऊन न्यावी, त्याला कोणी अडवणार नाही."

माझा हात भोपळ्यात थांबला.

"पुढचंही माझंच निवेदन आहे. दोन वर्षांपूर्वी ह्याच रेडिओवर मी वाचलं की हमाद्दूच्या मुलांनी आमच्या गावचं कोठार जाळलं. ते खोटं होतं. ती मुलं त्या दिवशी गुरांच्या बाजारात होती. मी आग बघितली नव्हती, ज्याने बघितली त्याला भेटलो नव्हतो, फोनवर ऐकलं आणि वाचलं. त्यानंतर अकरा गाई गेल्या, घरं गेली आणि एक म्हातारी गेली. गाव चिडलं ते माझं ऐकून. हमाद्दूच्या घराची मी माफी मागतो. निवेदन संपलं."

त्यानंतर त्याने दाखला हरवलेल्या मुलीचं निवेदन वाचलं, तिच्या बापाच्या नावासकट, एकही शब्द न अडखळता.

दा म्हणाले, "म्हातारीला इसरला न्हाई," आणि उठून गाईला पाणी दाखवायला गेले. ती आताच प्यायली होती.

दिवस उतरायला बोट आला. हातात दोर. मी उठून गाईच्या आणि त्याच्या मध्ये उभी राहिले, नुसती बावळटासारखी, कारण तो मनात आणता तर मला एका हाताने बाजूला करता. पण तो माझ्याकडे बघत नव्हता. ग्यांग नुकताच मोटरसायकल टेकवत होता.

"माझं नाव का न्हाई घेतलंस?" बोटने विचारलं.

"कशाला घेऊ?"

"पंप माझा व्हता. समद्यांनी बघितलाय राखेत."

"पंप बघितला," ग्यांग म्हणाला. "आग लागताना मी बघितली न्हाई. न बघता एकदा बोललो त्येवढं बास झालं."

बोट उभाच होता. मग तो खाली बसला, आणि बसताना जड माणूस बसतो तसा आवाज झाला. "गरम व्हता," तो म्हणाला. "घाई व्हती मला. धुरळा शिरंल वाटलं, म्हनून तसाच आत ठेवला." मी आत जाऊन भोपळाभर कुनू, धान्याची गार पेज, आणला. त्याने डाव्या हाताने धरला, प्यायला आणि दोर तिथेच टाकून गेला.

रविवारी गाय कापली गेली नाही, पण सणही आम्हाला मिळाला नाही. आभाराच्या दिवशी प्रत्येक घराची टोपली देवळाच्या दारातून पुढच्या टेबलापर्यंत शेजारी उचलून नेतात. आपली आपण न्यायची नसते. आमची आच्याची टोपली दारातच राहिली. लोक तिला वळसा घालून आत जात होते. हंडे घेऊन माझ्याबरोबर रोज विहिरीला येणाऱ्या बाया गाताना माझ्याकडे न बघता गात होत्या. एकीने जाताना म्हटलं, "रेडिओवाल्यांना आता आपली टोपली कशाला लागती, त्यांना फुलान्यांचं लोनी मिळंल." प्रार्थना संपल्यावर ती टोपली मी पुन्हा डोक्यावर घेतली आणि घरी आणली. एवढी जड ती जाताना नव्हती.

मॅनेजरनेही निरोप धाडला, महिनाभर येऊ नका.

"बरं झालं," मी म्हणाले. "कुदळीला मानूस मिळाला."

"मला वरंबा नीट घालता येत न्हाई."

"बोलत घाल. बोलायला येतं ना?"

तो हसला. बऱ्याच दिवसांनी हसला.

सोमवारी हमाद्दू आला. अंगणाच्या बाहेर थांबला, काठी मानेमागे आडवी धरून, तसाच, फक्त दाढी पांढरी झालेली. मागे इन्ना. डोक्यावर भोपळा नव्हता. दा उठून गेले आणि दोघं एकमेकांपुढे उभे राहिले.

"गुडघं कसं हायत?" हमाद्दूने विचारलं.

"हायत तसंच."

"घरचं?"

"बरं हाय. तुमचं?"

"उरलंय त्ये बरं हाय."

मी पाणी आणलं. ते प्यायले. हमाद्दू गाईपाशी गेला, पोट चाचपलं, डोळा उघडून बघितला. सूज उतरली होती. ग्यांग पुढे झाला आणि काही बोलणार तोच हमाद्दू म्हणाला, "आयकलं मी. डोंगरावर समद्यांनी आयकलं. पोरांनी दोनदा इचारलं, खरंच रेडिओ व्हता का म्हनून." त्यापुढे काही नाही. रागाचं नाही, मायेचं नाही.

इन्ना दोर सोडायला वाकली तेव्हा मी तिच्या शेजारी गेले. आता बोलले नाही तर पुन्हा जन्मात बोलणार नाही हे मला कळत होतं.

"इन्ना, तो फोन माझा व्हता. ग्यांगला म्या सांगितलं, तुमच्या पोरांनी लावली."

तिने दोर सोडायचं थांबवलं.

"तू बघितलंस?"

"न्हाई."

"मंग?"

"समदे म्हनत व्हते."

ती सरळ झाली आणि माझ्याकडे बघत राहिली. ह्या बाईबरोबर मी गाईचं बाळंतपण केलं होतं. ह्याच अंगणात ती मला नोनो विकायची, आंबट दूध. भांडं भरलं की वर एक पळी जास्तीची, आणि त्या पळीचे पैसे कधी घ्यायची नाही. मला वाटलं ती मारेल. मारलं असतं तर मी उभी राहिले असते.

"सासूबाई तुला पोरी म्हनायच्या," ती म्हणाली. मग गाठ सोडली आणि गाय घेऊन निघाली. कुंपणापाशी तांबडी फटीच्या जुन्या जागेकडे ओढ घ्यायला लागली. इन्नाने तिला वळवलं आणि लांबच्या रस्त्याने नेलं.

त्यानंतरचे दिवस मी कामात घातले. आचा धुऊन संपला, ताटं अर्धी तोडली. ग्यांगने कुदळ धरली आणि दोन दिवसांत तळहाताला फोड आणून दाखवायला लागला. मी म्हणाले, ह्याचं निवेदन दे. विहिरीवर बाया अजून जागा द्यायच्या नाहीत. मी सगळ्यांचं झाल्यावर जायची.

पुढच्या शनिवारी दुपारी आम्ही तिघं खालच्या रानात बांधावर जेवत होतो. दांनी रेडिओ लावला होता, सवयीने. निवेदनं दुसराच कोणी वाचत होता, नाकात बोलणारा.

"ऐकवत न्हाई," ग्यांग म्हणाला. "बंद करा."

"मयती तरी आयकू दे."

मयत झाली. एक सायकल हरवली होती. मग नाकातला आवाज म्हणाला, "निवेदन देणार हमाद्दू, डोंगरापलीकडची वस्ती. तांबडी गाय मिळाली. तिला चारा-पाणी नीट दिलं होतं, तक्रार नाही. दा चुवांग ह्यांना विचारणा, खालचं रान औंदा कुणाला दिलं का?"

घास हातातच राहिला. रांगेत उभं राहून, पैसे भरून, सगळ्या पठाराला ऐकू जाईल असं त्याने विचारलं होतं. जे गुपचूप अंगणात विचारायचं ते. आता दांनी हो म्हटलं काय आणि नाही म्हटलं काय, दोन्ही सगळ्यांच्या देखत होणार होतं.

दांनी भाकरी खाली ठेवली. कुंपणाकडे बघितलं.

"कानेंग, कोयता आन."

"मीच तोडते, दा. मीच लावलाय."

दोन वर्षांत निवडुंग माझ्या खांद्यापर्यंत आला होता. मी तोंडाला आणि डोळ्यांवर फडकं बांधलं, हातांना पोत्याचे तुकडे गुंडाळले आणि बुडापासून घाव घालायला लागले. दूध चिळकांडीने उडायचं. हाताला लागेल तिथे चरचरायचं. ग्यांग फांद्या काठीने ओढून बाजूला टाकत होता आणि चारपैकी एक माझ्याच पायावर टाकत होता. अर्धं झालं असेल, तेव्हा पलीकडून दुसऱ्या कोयत्याचा आवाज यायला लागला. मी फडकं जरा वर केलं. बोट बाहेरच्या बाजूने तोडत होता, डाव्या हाताने, वाकडे वाकडे घाव. मधलं शेवटचं खोड पडलं तेव्हा त्याचा आणि माझा कोयता एकमेकांना लागला.

दांचं उत्तर ग्यांग सोमवारी खिडकीवर देऊन आला. मोकळंच आहे, एवढंच.

गुरं गुरुवारी आली. साठ नव्हती, तीसच्या आसपास असतील. रस्त्याच्या कडेला गावची माणसं उभी होती, हात बांधून, पण कोणी दगड उचलला नाही. तांबडी सगळ्यांत पुढे होती. फटीतून आत शिरली आणि सरळ शेवग्याखाली जाऊन उभी राहिली. हमाद्दूची दोन्ही पोरं शेवटी आली. ग्यांगला बघून मोठा थांबला, धाकट्याने त्याला हळूच पुढे ढकललं.

संध्याकाळपर्यंत रानात शेणाचा वास सुटला होता. दा बांधावर बसून तो वास घेत होते, पोटभर जेवल्यासारखे.

दुसऱ्या दिवशी सकाळी इन्ना आली, डोक्यावर भोपळा. अंगणात टेकली. मी भांडं आणून पुढे धरलं. भांडं तिच्या भोपळ्याला लागून वाजलं. तिने नोनो मोजून घातलं. एक पळी, दोन, तीन, काठाला लागेपर्यंत. मग पळी भोपळ्यात ठेवली आणि झाकण लावलं. जास्तीची पळी घातली नाही.

मी तशीच भांडं धरून थोडी उभी राहिले. तिने पैसे सांगितले, मी दिले. ती भोपळा डोक्यावर घेऊन उठली.

"उद्या येशील?" मी विचारलं.

"गुरं हितंच हायत," ती म्हणाली. "म्या कुठं जानार?"

ती शेजारच्या घराकडे वळली. मी भांडं घरात नेलं आणि उद्यासाठी ते तेवढं धुऊन ठेवायला विसरायचं नाही असं मनाशी ठरवलं.